तीनचाकीवरून घोडेबाजाराला

स्कूटरला बाजूने दोन चाके जोडली की आमच्याकडे तिला ‘तीनचाकी’ म्हणतात. मोजायला गेले तर चाके चार भरतात, पण नाव रुळले ते रुळले. दत्तजयंतीला प्रकाशाहून शहाद्यामार्गे सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला मी हिच्यावरूनच जातो. पायात बळ नसले तरी यात्रा चुकत नाही.

हे एकाएकी घडले नाही. १९७२ साली बजाजची ‘चेतक’ आली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचे; पण तिची किक पायाने मारायची आणि मागचा ब्रेकही पायानेच दाबायचा. १९८४ साली कायनेटिक होंडा आली. बटण दाबले की सुरू, गिअर बदलणे नाही, दोन्ही ब्रेक हाताशी. पायांचे काम हातांवर आले. उरला प्रश्न तोल सांभाळण्याचा. तो बाजूच्या चाकांनी सोडवला.

कायदा मात्र मागे राहिला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘इनव्हॅलिड कॅरेज’ होती. तिची व्याख्या अशी, की गाडी अपंगासाठी मुळातच खास बांधलेली हवी, नुसता बदल केलेली चालणार नाही. म्हणजे कारागिराने चाके जोडलेली आमची स्कूटर त्या व्याख्येबाहेरच! २०१९ च्या दुरुस्तीने तो शब्द गेला आणि ‘अडॅप्टेड व्हेईकल’ आले. त्यात नियमांनुसार बदल केलेली गाडीही धरली.

गाडी तीच, जोडकामही तेच. कायद्याच्या व्याख्येत शिरायला तिला एकतीस वर्षे लागली.