पेढीवरची विद्या

आमच्या गल्लीतला एक तरुण बेकरी चालवतो. एका संध्याकाळी तो मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "चाचा, वहीत नफा दिसतो, पण गल्ल्यात पैसा नसतो. या व्याख्यानात कारण सांगितलंय, पण एक शब्द अडतोय." शब्द होता ‘रिसिव्हेबल्स’. मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. व्यापारातले मला काय कळणार? पण शब्दाचा अर्थ ओळखीचा निघाला. म्हटले, "अरे, हे तर आपले ‘येणे’! हॉटेलवाल्यांना पाव उधारीवर देतोस ना?" त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नफा झाला होता, पण तो उधारीत अडकला होता.

ही विद्या कधीकाळी पेढीच्या उंबरठ्याआड असे. मुनिमाच्या हाताखाली वर्षानुवर्षे बसावे, तेव्हा ती मिळे. युरोपातही तेच होते. लुका पाचोली नावाच्या ख्रिस्ती साधूने तरुणपणी व्हेनिसमधल्या एका व्यापाऱ्याच्या मुलांना शिकवले होते. १४९४ साली त्याने गणितावरचा मोठा ग्रंथ छापला आणि त्यात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची जमा-नावे लिहिण्याची रीत उलगडून सांगितली. कच्ची वही, रोजकीर्द आणि खतावणी, अशा तीन वह्यांची ती रीत. ती त्याने शोधून काढली नव्हती. ती त्याने सर्वांसमोर मांडली. आणि मांडली ती पंडितांच्या लॅटिनमध्ये नव्हे, तर लोकांच्या इटालियन भाषेत. मला हे फार मोलाचे वाटते.

पुढे या विद्येची महाविद्यालये झाली. अमेरिकेत १८८१ साली व्हॉर्टन स्कूल, १९०८ साली हार्वर्ड बिझनेस स्कूल. आपल्याकडे १९६१ साली कोलकाता आणि अहमदाबादच्या आयआयएम. शिक्षण उत्तम, पण जागा मोजक्या आणि पुढे शुल्कही भारी झाले.

मग ४ एप्रिल २००१ रोजी अमेरिकेतल्या एमआयटीने एक अनोखी घोषणा केली. इंटरनेटवरून शिकवून कमाई कशी करावी, याचा विचार अनेक विद्यापीठे करत होती. एमआयटीचे अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी मात्र अभ्यासक्रमांचे साहित्य जगाला विनामूल्य देण्याचे जाहीर केले. २००२ साली पहिले ५० अभ्यासक्रम खुले झाले. कालांतराने त्यांत व्यवस्थापनाच्या स्लोन स्कूलचे विषयही आले. २०१३ साली व्हॉर्टनने एमबीएच्या पहिल्या वर्षाचे जमाखर्च, वित्त, विपणन आणि कामकाज व्यवस्थापन हे पायाभूत विषय ‘कोर्सेरा’वर विनामूल्य ठेवले. भारतात २०१७ साली केंद्र सरकारचे ‘स्वयम’ सुरू झाले. तिथल्या व्यवस्थापन विषयांच्या समन्वयाचे काम बंगळुरूच्या आयआयएमकडे आले.

म्हणजे दार उघडले. पण सगळेच फुकट मिळते, असे समजू नये. एमआयटीने सुरुवातीलाच स्पष्ट केले होते, की साहित्य मिळेल, पदवी मिळणार नाही. ‘स्वयम’वर व्याख्याने मोफत, पण प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडते. शिवाय व्याख्यान ऐकून हिशेब येत नाही. स्वतःच्या दुकानाची वही समोर ठेवून आकडे मांडावे लागतात, चुकावे लागते. पूर्वी चूक दाखवायला मुनीम होता. आता तो माणूस ज्याचा त्याने शोधायचा.

आणि उंबरठा अजून एक आहे, भाषेचा. या व्याख्यानांपैकी बहुतेकांची मूळ भाषा इंग्रजी. वास्तविक मराठीजवळ शब्दांची वाण नाही. हिशेब, जमा, खर्च, नफा, बाकी, वसूल हे शब्द अरबीतून आले आणि आपल्या बाजारात असे मुरले, की कुणी त्यांना पाहुणे म्हणत नाही. मग हीच विद्या आपण मराठीत का सांगू नये?

बेकरीवाल्याने आता येण्याची वेगळी वही घातली आहे. वहीच्या पहिल्या पानावर त्याने शीर्षक लिहिले आहे, ते मराठीत.