सनचं सर्टिफिकेट आणि आयर्लंडचं परमिट

डब्लिनच्या उत्तरेला 50 किलोमीटरवर, बॉइन नदीकाठी आमचं ड्रोहेडा. इथे आल्यापासून पुण्यातल्या मुलांचा एकच प्रश्न येतो, "दादा, सर्टिफिकेशन करू का?"

उत्तरासाठी जरा मागे जावं लागेल. 1995 साली सन कंपनीने जावा आणली, मागोमाग तिची परीक्षाही आली: एससीजेपी. 2000 नंतर पुण्यात तिचे क्लास जोरात होते, फ्रेशरच्या बायोडेटात ही चार अक्षरं ठळक असत. उपयोगही होता, अर्जांच्या ढिगाला चाळणी लावायला एचआरला काहीतरी हवंच असतं. 2010 मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि परीक्षेचं नावच बदललं. ज्या जावास्क्रिप्टवर वेब डेव्हलपरचं पोट चालतं (नाव सोडलं तर जावाशी तिचं फारसं नातं नाही!), तिची तशी सर्वमान्य परीक्षा कधी झालीच नाही.

आता आयर्लंडचं 2014 पासूनचं क्रिटिकल स्किल्स परमिट बघा. वेब डेव्हलपरचं काम त्याच्या यादीत आहे, पण मागतात पदवी. पगार बराच मोठा असेल तर पदवीऐवजी अनुभव चालतो. सर्टिफिकेटने ती जागा भरत नाही. मुलाखतीत मात्र कोड लिहून दाखवावा लागतो, तिथे भाषेचे कानेकोपरे ठाऊक असलेला तरतो. तेव्हा परीक्षेचं पुस्तक खुशाल वाचा. फीचं नंतर बघू.