१९७१ : रणगाड्यांच्या आधी ती जहाजं

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद दर काही महिन्यांनी फिरून येतो. कुठल्यातरी देशात सरकारच स्वतःच्या माणसांना मारत असतं. व्हिडिओ येतात, आणि कुणीतरी लिहितं, "अमेरिका काय करतेय? सैन्य का पाठवत नाही?" दुसरा लगेच लिहितो, "इराकमध्ये पाठवलं होतं, काय झालं बघितलं ना?" मग भांडण, मग कुणाचंतरी गुड मॉर्निंगचं फूल, आणि विषय संपला.

आज तोच वाद जरा नीट घालूया, आणि तो १९७१ च्या पूर्व पाकिस्तानात नेऊन घालूया. आपल्याला ती गोष्ट साधारण अशी माहीत असते : पाकिस्ताननं अत्याचार केले, भारतानं सैन्य पाठवलं, तेरा दिवसांत बांगलादेश झाला. यातलं काहीच खोटं नाही. पण त्या तेरा दिवसांच्या आधी आठ महिने गेले होते. आपला प्रश्न त्या आठ महिन्यांत आहे.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. डिसेंबर १९७० मध्ये पाकिस्तानात निवडणूक झाली. पूर्वेकडच्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगनं जिंकल्या. म्हणजे अख्ख्या पाकिस्तानात स्पष्ट बहुमत. पंतप्रधान बंगाली होणार, हे पश्चिमेकडच्या लष्कराला आणि भुट्टोंना पचलं नाही. वाटाघाटींचं नाटक चाललं, आणि २५ मार्च १९७१ च्या रात्री 'ऑपरेशन सर्चलाइट' सुरू झालं. मुजीबना अटक झाली. ढाका विद्यापीठाच्या वसतिगृहांवर गोळीबार झाला. जगन्नाथ हॉल हे हिंदू विद्यार्थ्यांचं वसतिगृह, तिथं विद्यार्थी आणि प्राध्यापक मारले गेले. राजारबागच्या पोलीस लाइनीवर हल्ला झाला. त्या रात्री ढाक्याच्या रस्त्यांवर उतरलेले एम-२४ रणगाडे अमेरिकी बनावटीचे होते.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येणार आहे.

ढाक्यात तेव्हा अमेरिकेचे कॉन्सुल जनरल होते आर्चर ब्लड. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे डोळ्यांनी पाहिलं, ते रोज वॉशिंग्टनला कळवलं. उत्तर येईना. शेवटी ६ एप्रिलला ढाक्यातल्या २० अमेरिकी अधिकाऱ्यांनी सही करून एक तार पाठवली : आपल्या सरकारचं धोरण आम्हाला मान्य नाही, लोकशाही दडपली जातेय, अत्याचार होतायत, आणि आपलं सरकार त्यांचा निषेधही करत नाही. सरकारी नोकरीत राहून आपल्याच सरकारला असं लेखी सुनावणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात सरकारी नोकरी आहे त्यांना सांगायला नको. ब्लड यांची ढाक्यातून बदली झाली.

वॉशिंग्टन गप्प का होतं? कारण याह्या खान तेव्हा निक्सन यांचे निरोपे होते. अमेरिकेला चीनशी गुपचूप बोलणं सुरू करायचं होतं आणि ते पाकिस्तानमार्फत चाललं होतं. जुलैमध्ये हेन्री किसिंजर इस्लामाबादला आले, पोट बिघडल्याचं सोंग केलं, आणि सगळ्यांना चुकवून विमानानं पेकिंगला जाऊन आले. पोटदुखीचं निमित्त आपणही शाळेत वापरलंय, पण जगाच्या राजकारणात ते इतकं महाग क्वचितच पडलं असेल. त्याआधी एप्रिलअखेर निक्सन यांच्यासमोर पाकिस्तानबद्दलच्या पर्यायांचा कागद गेला होता. त्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं शेरा मारला : याह्यांवर सध्या दबाव आणू नका.

आता जहाजांकडे या. अमेरिकेनं जाहीर केलं होतं की पाकिस्तानला शस्त्रपुरवठा थांबवलाय. २२ जूनला न्यूयॉर्क टाइम्सनं बातमी छापली की पाकिस्तानी मालवाहू जहाजं अमेरिकेच्या बंदरातून लष्करी सामान घेऊन निघतायत. जुन्या परवान्यांवरचा माल, म्हणून तो 'थांबवलेल्या' मालात मोडत नव्हता! एका जहाजाचं नाव होतं 'सुंदरबन्स', दुसऱ्याचं 'पद्मा'. म्हणजे ज्या भूमीवर गोळ्या चालायच्या, तिथल्याच नदीचं आणि जंगलाचं नाव. जुलैमध्ये 'पद्मा' बाल्टिमोर बंदरात येणार होतं, तेव्हा काही अमेरिकी कार्यकर्ते, त्यांत क्वेकर पंथाचे लोक बरेच, छोट्या होड्या घेऊन त्या महाकाय जहाजाच्या वाटेत उभे राहिले. पोलिसांनी त्यांना पकडलं. त्या दिवशी जहाज धक्क्याला लागलंच. पण पुढं फिलाडेल्फियाच्या गोदी कामगारांनी पाकिस्तानी जहाजात माल चढवायला नकार दिला. हा जुन्या परवान्यांचा पुरवठा सरकारनं पूर्ण बंद केला तो नोव्हेंबरमध्ये.

मला या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच वाटतो. "बलाढ्य देशानं परक्या देशातले अत्याचार थांबवायला हस्तक्षेप करावा का?" असं विचारताना आपण गृहीत धरतो की तो देश बाहेर उभा आहे, हात घडी घालून. १९७१ मध्ये अमेरिका बाहेर नव्हतीच. ती आत होती, मारणाऱ्याच्या बाजूनं. तिला एकही सैनिक पाठवायची गरज नव्हती. दारूगोळा आणि सुटे भाग थांबवायचे होते, याह्यांना एक खरमरीत फोन करायचा होता. त्यानं कत्तल थांबलीच असती असं मी छातीठोक म्हणणार नाही, कारण लष्कर स्वतःच्या हट्टानं चाललं होतं. पण तो उपाय करून पाहिलाच गेला नाही, आणि तो रणगाड्यांपेक्षा किती स्वस्त होता!

हे फक्त एकदाच घडलं असं नाही. मार्च १९८८ मध्ये सद्दाम हुसेनच्या फौजेनं हलब्जा या कुर्द गावावर विषारी वायू सोडला, सुमारे ५,००० माणसं गेली. तेव्हा अमेरिका सद्दामच्या बाजूनं होती. पुढं २००३ मध्ये इराकवर चढाई करताना तेच हलब्जा कारण म्हणून पुढं आलं. मधे १५ वर्षं.

बरं, आता भारताकडे. इथं आपण स्वतःला जरा प्रामाणिकपणे तपासूया, कारण शाळेच्या पुस्तकातली गोष्ट फार गुळगुळीत आहे.

भारतात सुमारे एक कोटी निर्वासित आले. कलकत्त्याजवळ सॉल्ट लेकच्या मोकळ्या जागेत, बांधकामासाठी आणलेल्या मोठमोठ्या पाइपांत माणसं राहिली. कॉलरा पसरला. पश्चिम बंगाल, त्रिपुरा, आसाम यांच्यावरचा ताण कल्पनेपलीकडचा होता, त्यात बंगालमध्ये नक्षलवादी चळवळीची धग चालू. तेव्हा भारताला दया आली हे खरं, पण खर्च आणि भीती हेही तितकंच खरं. आणि तिसरी गोष्ट, पाकिस्तानचे दोन तुकडे होण्यात भारताचा उघड फायदा होता. के. सुब्रह्मण्यम यांच्यासारख्या संरक्षणतज्ज्ञांनी तेव्हाच जाहीर सांगितलं होतं की अशी संधी पुन्हा येणार नाही. यातलं एकच कारण उचलून 'हेच खरं कारण' म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

मग हेतू शुद्ध नव्हता, म्हणून हस्तक्षेप चुकीचा? मला तसं वाटत नाही. शेजारच्या घरातून किंकाळ्या येतायत आणि दार तोडणारा माणूस त्या घरमालकाचा जुना वैरी आहे, एवढ्यावरून दार तोडायला नको होतं असं ठरत नाही. मात्र दार तोडल्यावर तो आत किती दिवस राहतो, काय उचलून नेतो, यावर बारीक नजर ठेवायला हवी.

सैन्य लगेच का गेलं नाही? सॅम माणेकशॉ नंतर रंगवून सांगायचे की एप्रिलच्या बैठकीत त्यांनी इंदिरा गांधींना थेट सांगितलं, आत्ता गेलो तर हरू. तो प्रसंग अगदी तसाच घडला का, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. पण कारणं खरी होती. पावसाळा तोंडावर, पूर्व बंगालच्या नद्या समुद्रासारख्या पसरतात, रणगाडे चिखलात रुततात. उत्तरेकडच्या खिंडी उन्हाळ्यात मोकळ्या, म्हणजे चीन येण्याची शक्यता. हिवाळ्यात त्या बर्फानं बंद होतात. सैन्य म्हणजे काही १०८ ची ॲम्ब्युलन्स नाही, फोन केला की निघाली. दरम्यान भारतानं मुक्तिवाहिनीला प्रशिक्षण आणि शस्त्रं दिली, ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी करार केला, नोव्हेंबरमध्ये इंदिराबाई वॉशिंग्टनला जाऊन निक्सनना भेटून आल्या. हे सगळं शहाणपणाचं होतं. आणि त्याच महिन्यांत तिकडे माणसं मरत होती, बायकांवर अत्याचार होत होते. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत, आणि हे जड जातं.

जगाला खरं काय चाललंय हे ज्यांच्यामुळे कळलं, त्यांतला एक माणूस आपल्या भागातला. अँथनी मॅस्करेन्हस, मूळ गोव्याचं कुटुंब, जन्म बेळगावचा, नोकरी कराचीच्या वर्तमानपत्रात. एप्रिलमध्ये पाकिस्तानी लष्करानं आठ पत्रकारांना पूर्वेकडे फिरवून आणलं, 'सगळं सुरळीत आहे' असं लिहायला. सात जणांनी तसं लिहिलं. मॅस्करेन्हस लंडनला गेले, संडे टाइम्सच्या संपादकांना भेटले, आणि परत कराचीला आले, कारण बायकामुलं तिथं होती. आधी कुटुंबाला बाहेर काढलं, मग स्वतः चालत अफगाणिस्तानची सीमा ओलांडली. १३ जून १९७१ ला लेख छापून आला. मथळा एका शब्दाचा : वंशसंहार. हा लेख वाचून आपण हादरलो, असं इंदिरा गांधींनी पुढं त्या वृत्तपत्राचे संपादक हॅरल्ड इव्हान्स यांना सांगितलं होतं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण सैन्य पाठवायचं की नाही ही चर्चा होण्याआधी कुणीतरी घरदार पणाला लावून बातमी बाहेर आणावी लागते.

३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी भारतीय विमानतळांवर हल्ला केला आणि उघड युद्ध सुरू झालं. (भारतीय तुकड्या नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातच सीमा ओलांडून लढत होत्या, हेही नोंदवून ठेवूया.) सुरक्षा परिषदेत सोव्हिएत संघानं नकाराधिकार वापरून भारताला वाचवलं. मग विषय आमसभेत गेला. ७ डिसेंबरला मतदान झालं : युद्ध थांबवा, सैन्य मागे घ्या. बाजूनं १०४, विरोधात ११. भारताबरोबर सोव्हिएत गट, भूतान, आणि मोजके. बस्स.

ते १०४ देश सगळे निर्दयी होते का? नाही. त्यांतले कितीतरी नुकतेच स्वतंत्र झाले होते. नायजेरियात बियाफ्राचं युद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती. 'तुमच्या देशात एका प्रांतावर अन्याय होतोय' असं म्हणून शेजारी सैन्य घुसवू लागला, तर आपलं काय, ही त्यांची धास्ती होती. ती धास्ती आजही खरी आहे, कारण 'आम्ही अत्याचार थांबवायला आलोय' हे वाक्य प्रत्येक आक्रमकाला बोलता येतं. नियम मोडायची परवानगी एकाला दिली की रांग लागते. म्हणून तो नियम मला हवाय. आणि १९७१ मध्ये तो मोडला गेला याचं मला वाईट वाटत नाही. या दोन्हींची सांगड कशी घालायची याचं सूत्र माझ्याकडे नाही, आणि संयुक्त राष्ट्रांकडेही आजवर फार चांगलं सापडलेलं नाही.

अमेरिकेनं या टप्प्यावर मात्र सैन्य हलवलं. 'एंटरप्राइझ' ही विमानवाहू युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे निघाली, भारताला धाक घालायला. म्हणजे हस्तक्षेप जमत नव्हता असं नाही, बाजू वेगळी होती.

१४ डिसेंबरला, शरणागतीच्या फक्त दोन दिवस आधी, अल-बद्रच्या लोकांनी ढाक्यातले प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार यांना घरांतून उचलून नेऊन मारलं. हरलोय हे कळल्यावरही. १६ तारखेला जनरल नियाझींनी रमणा रेसकोर्सवर जनरल अरोरांसमोर सही केली. सुमारे ९३,००० जण कैद झाले. एकूण मेले किती? बांगलादेश ३० लाख म्हणतो, पाकिस्तानचा हमूदुर रहमान आयोग २६,००० म्हणतो, आणि स्वतंत्र अभ्यासकांचे बरेचसे अंदाज या दोन्हींच्या मधे, काही लाखांत आहेत.

भारतीय सैन्य मार्च १९७२ च्या मध्यापर्यंत परत आलं. तीन महिने! दार तोडणाऱ्या माणसाची माझ्या मते हीच खरी परीक्षा होती, आणि भारत तीत पास झाला. पण सैन्य गेलं म्हणजे सगळं मार्गी लागलं असं नाही. उर्दू बोलणारे बिहारी, ज्यांच्यातल्या काहींनी पाकिस्तानी लष्कराला साथ दिली होती, त्यांच्यावर सूड उगवला गेला. काहीही न केलेलेही त्यात भरडले गेले. ढाक्यातल्या जिनिव्हा कॅम्पमध्ये त्यांचे वंशज अजून राहतात.

आणि गुन्हेगार? बांगलादेशनं १९५ पाकिस्तानी युद्धकैद्यांवर खटले चालवायचं जाहीर केलं होतं. पाकिस्ताननं आपल्याकडचे बंगाली अडकवून ठेवले, मान्यता रोखून धरली, भारतालाही कैद्यांचा प्रश्न मिटवायचा होता. एप्रिल १९७४ मध्ये दिल्लीत तिन्ही देशांचा करार झाला आणि ते १९५ जण घरी परतले. त्यांतल्या एकावरही खटला चालला नाही.

पुढच्या भागात कंबोडियाला जाऊ. १९७९ मध्ये व्हिएतनामनं पोल पॉटची राजवट उलथली, आणि त्यानंतरही संयुक्त राष्ट्रांत कंबोडियाची खुर्ची कितीतरी वर्षं पोल पॉटच्याच माणसांकडे राहिली. ती गोष्ट सविस्तर ऐकायला हवी.