मॉडेल विमानाचा पंखा बसवताना घाई का नडते?

रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांचे रील्स तुमच्या फीडवर कधी ना कधी आलेच असतील. एनसीसीच्या एअर विंगमधल्या मुलांना तर एरोमॉडेलिंग नवं नाही. दिसायला हे खेळणंच. पण त्याच्या नाकावरचा १० इंची पंखा, म्हणजे प्रॉपेलर, मिनिटाला १०,००० फेऱ्या मारत असेल, तर पात्याचं टोक ताशी सुमारे ४८० किलोमीटर वेगाने फिरत असतं. त्यात बोट गेलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

हा पंखा आणि त्याच्या मधोमध दिसणारी निमुळती टोपी, म्हणजे स्पिनर, बसवायचं काम पाच मिनिटांचं वाटतं. गडबड तिथेच होते.

पंख्यावर १०×६ असं का लिहिलेलं असतं?

पहिला आकडा पंख्याच्या व्यासाचा, इंचांमध्ये. दुसरा पिचचा. लाकडात स्क्रू फिरवला की तो जसा पुढे सरकतो, तसा पंखा एका फेरीत किती इंच पुढे जाईल, हे पिच सांगतो (अर्थात कागदावर, कारण हवा काही लाकूड नाही). कोणत्या इंजिनाला कोणता पंखा चालेल, हे इंजिनासोबतच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. तिथे अंदाजपंचे चालत नाही.

एका ग्रॅमने काय होतं?

नव्या पंख्याचं भोक बऱ्याचदा इंजिनाच्या शाफ्टपेक्षा लहान असतं. ते साध्या ड्रिलने मोठं करायला गेलं की हमखास एका बाजूला सरकतं. त्यासाठी पायऱ्यापायऱ्यांचा रीमर मिळतो. त्याचं टोक मूळ भोकात नीट बसतं आणि केंद्र हलत नाही.

मग बॅलन्सिंग. पंखा बॅलन्सरवर ठेवला की जड पातं खाली झुकतं. ते पॉलिश पेपरने थोडं थोडं घासायचं, पंखा आडवा स्थिर राहीपर्यंत. हा कंटाळवाणा भाग अनेकजण टाळतात. पण केंद्रापासून १० सेंटीमीटरवर फक्त १ ग्रॅम वजन जास्त असेल, तर १०,००० फेऱ्यांना ते शाफ्टला साधारण ११ किलो वजनाइतक्या जोराने ओढतं. तेही दर फेरीत दिशा बदलत. या थरथरीने स्क्रू ढिले होतात, बेअरिंग झिजतात, टाकीतल्या इंधनाला फेस येतो आणि इंजिन हवेतच बंद पडू शकतं.

बसवायचा क्रम

आधी स्पिनरची मागची चकती, मग पंखा, वॉशर, नट आणि शेवटी टोपी. पंख्यावरची अक्षरं विमानाच्या पुढच्या दिशेला हवीत. उलटा बसवला तरी विमान मागे जात नाही, हा गैरसमज आहे. जोर पुढेच लागतो, फक्त बराच कमी. टोपीच्या खाचा पात्यांना घासता कामा नयेत, नाहीतर पात्याच्या मुळाशी चरा पडतो आणि पातं तिथूनच तुटू शकतं.

नट आवळण्याआधी शाफ्ट हाताने फिरवून पिस्टनचा दाब जाणवेल तिथे थांबवायचा आणि पंखा आडवा ठेवायचा. इंजिन हवेत बंद पडलं तर पंखा बहुतेक वेळा तसाच आडवा थांबतो आणि उतरताना जमिनीवर आपटून तुटत नाही.

लाकडी पंखा दाबाने चेपतो, त्यामुळे उडवायला काढताना दरवेळी नट पुन्हा तपासावा लागतो. इंजिनाने उलटा झटका दिला तर ढिला नट निघून पंखा सुटू शकतो. म्हणून इंजिन चालू असताना पंख्याच्या समोर किंवा बाजूला, त्याच्या रेषेत, कुणीच उभं राहायचं नाही. सुईचं सेटिंगही मागे जाऊनच करायचं. तडा गेलेला पंखा चिकटवून वापरायचा नाही. तो तोडून टाकायचा, म्हणजे दुसरं कुणी चुकून लावणार नाही.

इलेक्ट्रिक मोटरच्या विमानात तर आवाजाचा इशाराही मिळत नाही. बॅटरी जोडली की पंखा कधीही फिरू शकतो. त्यामुळे घरात टेबलावर सेटिंग करताना पंखा काढूनच ठेवायचा.