सावित्रीच्या मुखाशी

पोलादपूरच्या माणसाला समुद्र कुठे आहे असे विचारले तर तो रस्ता सांगतो. महाडला जा, तिथून म्हाप्रळ, पुढे मंडणगड तालुका. नदी सांगत नाही. मीही सांगत नसे. सावित्री आमच्या दाराशी वाहते, पण उन्हाळ्यात तिच्या पात्रात दगडगोटेच अधिक. ते पाहून ही नदी कधी कुणाला मुंबईला नेत असेल हे खरे वाटत नाही.

गेल्या फाल्गुनात मी तिच्या मागोमाग शेवटपर्यंत गेलो. बाणकोटचा किल्ला ओलांडून वेळासला पोचलो. गावातून किनाऱ्यापर्यंत चालत जावे लागते. पुढे सुरूची झाडे आणि त्यांच्यामागे वाळू. दुपारची वेळ, माणूस दिसत नव्हते. हॉटेल नाही, छत्र्या नाहीत, नारळपाणीवाला नाही. कासवांच्या घरट्यांभोवती घातलेले कुंपण तेवढे माणसाच्या हातचे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन इथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. किनारा मोकळा राहिला त्यात या कामाचा वाटा मोठा आहे.

अशा जागेला हल्ली ‘अस्पर्श’ म्हणतात. हा शब्द मला खटकतो. ग्रीसच्या झाकिंथॉस बेटावर नवाजियो नावाची, कड्यांनी वेढलेली एक चिमुकली पुळण आहे. तिथे १९८० साली एक मालवाहू जहाज येऊन रुतले, आणि ते गंजके जहाजच त्या पुळणीची ओळख झाले. वेळासच्या वाळूवर असे काही रुतलेले नाही. म्हणून इथे कधी काही घडलेच नाही असा पाहुण्याचा समज होतो. प्रत्यक्षात ही शांतता फार जुनी नाही.

वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. शेजारच्या बाणकोटला काही अभ्यासक ‘पेरिप्लस’मधले मंदगोरा बंदर मानतात. महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांत कानभोज विष्णुपालित या राजकुमाराचा लेख आहे. एवढी लेणी एखाद्या आडगावाच्या डोक्यावर कुणी खोदत नाही. घाटावरचा माल पार घाटाने पोलादपूरला उतरे, महाडच्या पेठेत येई आणि भरतीच्या पाण्यावर खाली जाई. आमचे गाव समुद्रापासून दूर असले तरी बंदराच्याच वाटेवर होते.

बाणकोट इंग्रजांना मिळाले ते १७५६ च्या पुणे तहाने. आदल्याच वर्षी तुळाजी आंग्र्यांकडून त्यांनी ते जिंकून घेतले होते. किल्ल्याला त्यांनी ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ नाव दिले. किल्ल्यावर भेटलेले एक गृहस्थ मला हे नाव राणीचे असल्याचे ठासून सांगत होते. राणीचा जन्म १८१९ चा! इंग्रजांना सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत जाणारी एक पाणवाट हवी होती आणि ती त्यांना इथे मिळाली. १८०२ च्या अखेरीस हडपसरची लढाई हरून दुसरा बाजीराव महाडला आला आणि तिथून सुवर्णदुर्गमार्गे वसईला गेला. ३१ डिसेंबरला तिथे जो तह झाला त्याबद्दल निराळे सांगायला नको.

पुढे महाबळेश्वर वसले आणि साहेबलोकांच्या सोयीच्या वाटांत ही एक झाली. मुंबईहून समुद्राने बाणकोट, खाडीने दासगाव-महाड, तिथून पोलादपूर आणि घाट. याच वाटेवर बाणकोटच्या मुखाशी १८५३ मध्ये ऑर्थर मॅलेट या अधिकाऱ्याची पत्नी आणि तान्ही मुलगी बुडाल्या. त्यांच्याबरोबर होडीवरचे खलाशीही गेले. महाबळेश्वरच्या ऑर्थर सीटवर वाटाडे सांगतात, की दुःखी मॅलेट तिथे बसून सावित्रीकडे पाहत राही. गॅझेटियर साधेच कारण देते, तिथे पहिले घर त्याने बांधले. मला गॅझेटियर खरे वाटते. पण वाटाड्यांच्या गोष्टीत एक गोष्ट नेमकी आहे: नदीचा उगम आणि तिचे मुख त्यांनी एकाच नजरेत धरले आहेत. आम्हा मधल्यांना ते जमले नाही.

या पाण्याने आणलेली सर्वांत मोठी गोष्ट १९२७ ची. २४ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. बरोबर दोनशेहून अधिक प्रतिनिधी. बोट हरिहरेश्वरला आली. दुसऱ्या दिवशी ‘अंबा’ या लाँचने ते खाडीतून दासगावला उतरले आणि तिथून चालत महाडला गेले. मनुस्मृती जाळली गेली ती त्या रात्री. महाडच्या सत्याग्रहावर आपण पुष्कळ वाचतो, पण त्याची शेवटची मजल खाडीतून गेली हे सहसा कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. हरिहरेश्वर या मुखाच्या उत्तर तीरावर आहे. मी चालत होतो ती वाळू दक्षिण तीरापलीकडची.

मग रस्ते झाले. महाबळेश्वर-पोलादपूर घाटरस्ता १८७० च्या दशकातला. मुंबई-गोवा महामार्गाने खाडीकडे पाठ फिरवली, आगबोटी बंद पडल्या, आणि वर्दळीचा किनारा आडबाजूला पडला. आता रेवस-रेड्डी सागरी महामार्गाची चर्चा आहे. तो झाला की बाणकोट खाडीवरून गाड्या धावतील. गावातल्या तरुणांना तो हवा आहे, आणि आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला किती वेळ लागतो हे ऐकल्यावर मला त्यांच्याशी वाद घालवेना. पण हा किनारा रिकामाच होता, इथे हलवण्यासारखे काही नाही, असे म्हणून कुणी कागदावर रेघ ओढली तर ते मात्र खोटे ठरेल.

परतताना एका घरी चहा झाला. घरच्या आजींनी गाव विचारले.

“पोलादपूर? मग तुमची लाकडं आम्ही जाळतो,” त्या हसून म्हणाल्या. “पावसाळ्यात पूर आला की ओंडके, बांबू सगळं वाहून इथं लागतं. आम्ही चुलीला गोळा करतो.”

मी २ ऑगस्ट २०१६ ची आठवण काढली. त्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल पडला, एसटीच्या गाड्या नदीत गेल्या. नंतर काही मृतदेह थेट समुद्रकाठी, हरिहरेश्वर आणि आंजर्ल्यापर्यंत सापडले.

आजींनी कपबशी खाली ठेवली.

“त्या साली नाही गेलो,” त्या म्हणाल्या. “लाकडं आली होती. पण कोणीच गेलं नाही.”