काळी पाच

मेहकरात पाहुणा आला की त्याला आपण दोन ठिकाणी नेतो. पहिलं शारंगधर बालाजीचं देऊळ. 1888 साली जमिनीतून निघालेली ती काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती बघायला माणसं लांबून येतात. दुसरा कंचनीचा महाल. लोणारच्या कमळजादेवीचा दिवा वरून दिसावा म्हणून कंचनी नावाच्या नर्तकीनं तो उंच बांधायला घेतला, अशी आख्यायिका आहे. पडक्या भिंतींवर का होईना, नाचणारीचं नाव राहिलं. तिच्या मागे बसून कोण वाजवत होतं, ते मात्र आख्यायिकेतही नाही. माझी उमर बँडपार्टीत क्लॅरनेट वाजवण्यात गेली, म्हणून आमच्या धंद्याचं जे मला माहीत आहे ते लिहून ठेवतो आहे.

आमचा आजा सनई वाजवायचा, त्याचा भाऊ डफडं. वऱ्हाडातल्या खेड्यात मांगाचं घर म्हणजे गावाची वाजंत्री. लग्न असो, पोळा असो, देवीची मिरवणूक असो, सांगावा आला की निघायचं. मोबदला सुगीत, खळ्यावर. देणाऱ्याच्या मनाला येईल तेवढी ज्वारी पदरात पडायची. भाव सांगायचा हक्क नव्हता आणि नाही म्हणायचा तर मुळीच नव्हता. सूर चांगला लागला म्हणून दाणे वाढले, असं कधी झालं नाही. मंगलाष्टकं म्हणताना वाजंत्र्यांची आठवण होते ती त्यांनी गप्प राहावं एवढ्यापुरतीच, आणि आजा मान खाली घालून गप्प राहायचा.

पितळी बाजा हिंदुस्थानात आला तो इंग्रजांच्या पलटणींबरोबर. 1853 च्या तहानं वऱ्हाड निजामाकडून कंपनी सरकारच्या हाती गेला आणि परतवाड्याला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. पलटणीचं संगीत आधी छावणीत, मग संस्थानिकांच्या दरबारात आणि तिथून शहरांतल्या खाजगी बँडपार्ट्यांत उतरलं. उत्तरेत मीरतला नादिर अली या लष्करी बँडमधल्या माणसानं 1885 साली वाद्यांची पेढी काढली. तिथल्या जली कोठी मोहल्ल्यात आजही ट्रम्पेट आणि युफोनियम घडतात. देशभरातल्या लग्नांच्या बाजाचं पितळ बहुतेक तिथलंच. मेहकरला रेल्वे नाही. आमच्या पार्टीची वाद्यं पार्सलनं अकोल्याला यायची आणि तिथून एसटीच्या टपावरून इथे.

हे पितळ आमच्या घरात आलं वडिलांच्या उमेदीत. त्या काळी बाबासाहेबांच्या सांगण्यावरून महार समाजानं गावकीची कामं टाकली होती आणि आमच्या वस्तीतही वाजवणं सोडायचं की नाही यावर रात्र रात्र बोलणं चाले. ज्यांनी सोडलं त्यांचं बरोबरच होतं, असं मी आजही म्हणतो. वडिलांनी मात्र वेगळी वाट काढली. ते म्हणाले, "वाजवनं नाही सोडाचं, फुकट वाजवनं सोडाचं." त्यांनी चार घरं जमवली, कर्ज काढून वाद्यं आणली, लाल कोट शिवले आणि बसस्टँडाजवळ एक खोली भाड्यानं घेऊन दारावर पाटी लावली.

या पाटीनं जो बदल केला, तोच मला या सगळ्या इतिहासात मोठा वाटतो. आता लग्नघरचा माणूस सुपारी द्यायला आमच्या दारात येऊ लागला. त्याला खुर्ची दिली जायची. शेवंती किती वाजता, परण्या कुठून कुठे, लग्नानंतर वरात आहे की नाही, वाजवणारे किती, जेवण कोणाकडे, गाडीभाडं कोणाचं, हे सगळं कागदावर यायचं आणि इसार हातात पडल्याशिवाय तारीख पक्की होत नसे. आजानं ज्यांच्या खळ्यावर पदर पसरला होता, त्यांच्याच नातवांशी वडील समोर बसून भाव बोलत. संगीत तेच होतं, पण त्याला आता किंमत होती आणि ती किंमत आम्ही सांगत होतो.

आमच्यात नोटेशन वाचणारं कोणी नव्हतं. क्लॅरनेट, ट्रम्पेट, युफोनियम, तिन्ही वाद्यं बी फ्लॅटची, म्हणजे पेटीवरची काळी पाच. सगळ्यांची पट्टी एक असल्यामुळे मास्तरानं बोटं दाखवली की काम भागायचं. गाणं मिळायचं ते रेडिओवरून. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की सगळी पार्टी हॉटेलच्या रेडिओसमोर हजर. गाणं एकदाच वाजणार, पुन्हा ऐकायची सोय नाही. म्हणून वाटणी असायची: मुखडा एकानं धरायचा, अंतरा दुसऱ्यानं, मधला म्युझिकचा तुकडा तिसऱ्यानं. ड्रमवाला नुसता ठेका धरून बसायचा. कार्यक्रम संपला की कोणाशी न बोलता खोलीवर यायचं, नाहीतर मधेच दुसरा सूर डोक्यात शिरतो. मग प्रत्येकानं आपला तुकडा वाजवायचा आणि मास्तर ते सांधत जायचा. पहाटेपर्यंत गाणं उभं राहायचं. 'सूरज'मधलं रफीसाहेबांचं गाणं 1966 साली असंच उभं राहिलं, 'नीलकमल'मधलं लेकीच्या पाठवणीचं 1968 साली. 1977 ला 'आदमी सड़क का' आला आणि त्यातल्या एका गाण्याशिवाय परण्या निघेनाशी झाली.

क्लॅरनेटची रीड म्हणजे बोटभर लांब, पातळ पट्टी. मे महिन्याच्या उन्हात ती सुकते, वाकडी होते आणि वाद्य किंचाळायला लागतं. परण्या मारुतीच्या पाराकडे निघायची ती बहुधा भर दुपारी. दोन गाण्यांच्या मधे ट्रम्पेटवाले पाणी प्यायचे, मी रीड तोंडात धरून ओली ठेवायचो. मुलगी निघताना वाजवायचं गाणं क्लॅरनेटकडेच असायचं, कारण रडका सूर ओढून न्यायला ट्रम्पेटच्या तीन कळा पुरत नाहीत. त्या वेळी मी ड्रम बंद करायला सांगत असे. मांडवातल्या बायाबापड्या, ज्यांनी आमच्याकडे दिवसभर बघितलेलं नसायचं, त्या तेव्हा पदर डोळ्याला लावून आमच्याकडे बघायच्या.

डोणगाव, जानेफळ, सुलतानपूर, लोणार, देऊळगाव माळी, हा आमचा टापू. वरातीला दोन्ही बाजूंनी डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बाया चालायच्या. ओवाळलेल्या नोटा झांजवाला पोरगा टोपीत गोळा करायचा. पहाटे एसटीची वाट बघत त्या मोजून मास्तरापासून खुळखुळेवाल्यापर्यंत सारख्या वाटायच्या, हा नियम वडिलांनी घातला होता. तुळशीच्या लग्नापासून आखाडापर्यंत हंगाम, त्यात 14 एप्रिलच्या जयंतीची मिरवणूक. मग 1 ऑगस्टची अण्णाभाऊंची जयंती आणि गणपती. बाकीचे महिने सोयाबीन सोंगणं आणि कापूस वेचणं. लाल कोट पेटीत असला की आम्ही सगळे मजूर.

जेवणाचा मुद्दा कागदावर असूनही खूप ठिकाणी आमची पंगत मांडवाबाहेर, सगळ्यांच्या शेवटी बसायची. एका घरी वऱ्हाड जेवून झोपलं तरी आम्हाला बोलावणं आलं नाही. वडिलांनी वाद्यं उचलायला लावली आणि वरात न वाजवता आम्ही पायी मेहकर गाठलं. उरलेले पैसे बुडाले. त्या रात्रीचा मला आजही अभिमान आहे.

मग बेंजो आला, हातगाडीवर कॅसिओ आणि भोंगे आले, त्यामागून डीजे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली झाले, रात्री दहानंतर आवाज बंद. कायदा सर्वांना सारखा, पण दहाच्या आत डीजे इतका दणदणतो की त्याच्या शेजारी क्लॅरनेट ऐकूच येत नाही. 2020 च्या उन्हाळ्यात लग्नाला पन्नास माणसांची परवानगी होती. पन्नासांत वाजवणाऱ्यांना कोण मोजणार? तो हंगाम आणि त्याच्या पुढचाही हातचा गेला. पुष्कळ पार्ट्यांची वाद्यं तेव्हा मोडीत किलोच्या भावानं विकली गेली. मीरतचं पितळ तराजूत बघणं फार जड गेलं.

आज तालुक्यात लग्नाला बँड आहे, पण क्लॅरनेट वाजवणारा शोधावा लागतो. पोरं कीबोर्डाकडे वळली आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण क्लॅरनेटला सूर धरायलाच वर्षं जातात आणि तेवढा काळ त्यांना पोसणारं कोणी नाही. जे शिकायला तयार आहेत त्यांना मी पैसे न घेता शिकवतो.

तुमच्याकडे कार्य निघालं आणि तुम्ही बँड सांगितला, तर एवढं करा. वाजवणाऱ्यांना वऱ्हाडाच्या पंगतीत बसवा, ठरलेले पैसे वरात निघायच्या आधी द्या, आणि पाठवणीच्या वेळी डीजे बंद ठेवून क्लॅरनेटवाल्याला एक गाणं पूर्ण वाजवू द्या.