बदली नाकारली तर काय मिळतं?

काठी म्हटलं की राजवाडी होळी आठवते. रात्रभर ढोल आणि पहाटे पेटणारी होळी. पण काठीच्या अक्कलकुवा तालुक्यात, उत्तरेला नर्मदेच्या काठावर, मणिबेलीही आहे. सरदार सरोवराच्या पाण्याची झळ महाराष्ट्रात सगळ्यात आधी लागली ती या गावाला. अक्कलकुवा आणि अक्राणी मिळून ३३ गावं बुडितात होती.

आंदोलन आपल्याला माहीत असतं, त्यामागचा करार कोणी वाचत नाही. मला त्यातलं एकच कलम इथे सांगायचंय. १९७९ च्या नर्मदा लवादाच्या निवाड्यात गुजरातने विस्थापितांना आपल्याकडे जमीन द्यायची असं ठरलं. पाव हिश्शाहून जास्त जमीन गेली तर कुटुंबाला किमान २ हेक्टर. आणि एखाद्याला गुजरातेत जायचंच नसेल तर? तर त्याची सोय त्याच्याच राज्याने करायची, खर्च मात्र गुजरातने द्यायचा. म्हणजे 'येत नाही' म्हणणाऱ्याचा हक्क बुडत नव्हता!

आता आपल्या नोकऱ्यांकडे बघा. पुण्यातल्या माणसाला चेन्नईची ऑर्डर येते. नाही म्हटलं की राजीनामा, आणि पाच वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटी. बास. कारण 'भारतात कुठेही बदली' यावर आपण जॉइन होतानाच सही केलेली असते. तशी अट नव्हती तेव्हा काय झालं? अमरोह्याच्या कुंदन शुगर मिलने कामगारांना मालकांनी नंतर काढलेल्या बुलंदशहरच्या कारखान्यात जायला सांगितलं. ते गेले नाहीत, म्हणून त्यांना काढलं. १९६० साली सुप्रीम कोर्टात मालक हरले. नोकरी धरताना जो कारखाना अस्तित्वातच नव्हता, तिथे जायचं कोणी कबूल केलं होतं?

औद्योगिक विवाद कायद्यात तर अंतरसुद्धा मोजलेलं होतं. ले-ऑफ झालेल्याने त्याच गावातलं किंवा पाच मैलांच्या आतलं, त्याच पगाराचं काम नाकारलं तर भरपाई बंद. पाच मैल! आपण हिंजवडीला जाताना त्याहून जास्त ट्रॅफिकमध्ये बसतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे.

पण खरी मेख व्याख्येत असते. निवाड्यातली जमीन मिळायची ती कागदावर जमीन असणाऱ्याला. सातपुड्यात पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या अनेकांच्या नावावर कागदच नव्हता. ते सरकारी भाषेत 'अतिक्रमणदार'. आपल्याकडे तोच प्रश्न 'कामगार' या शब्दाचा आहे. टीम लीड म्हणजे कामगार की मॅनेजर? कोर्ट हुद्दा बघत नाही, प्रत्यक्ष काम काय ते बघतं. पण तिथपर्यंत जातो कोण?

महाराष्ट्रात राहू म्हणणाऱ्यांसाठी १९९० मध्ये तळोद्याचं राखीव जंगल मोकळं करावं लागलं, आणि त्या जंगलावर जगणारे दुसरे आदिवासी तिथे आधीपासून होतेच. मणिबेलीतली काही कुटुंबं तिकडेही गेली नाहीत. पाणी चढलं तशी ती डोंगरावर वर सरकली.